वीज आपली, मीटर कोणाच्या हातात?



मार्च महिन्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला एका विद्यार्थ्याचा फोन आला. "दादा, गृहपाल साहेबांनी आजपासून अकरा वाजता लाइट कापणं सुरू केलं. पोरं मोबाइलच्या टॉर्चवर वाचून राहिली. उद्या मोर्चा काढतो, तुम्ही या." विदर्भातल्या एका शहरातले हे मागासवर्गीय मुलांचे वसतिगृह. शंभर मुले, चौतीस खोल्या. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका इमारतीचा नाही. नाव बदलून तुमच्या जिल्ह्यातल्या वसतिगृहाचे घाला, बहुतेक गोष्ट जुळेल.

दुसऱ्या दिवशी मी रागातच तिथे पोहोचलो. भाषण डोक्यात तयार होते. परळच्या चाळीच्या एका खोलीत, घरातली माणसे झोपल्यावर, दिव्याच्या उजेडात शिकलेल्या माणसाच्या लेकरांचा दिवा तुम्ही विझवता? असे बरेच काही. गृहपालांनी माझे ऐकून घेतले आणि टेबलावर वीजबिल ठेवले. बिल खरोखरच फुगलेले होते. ते म्हणाले, "भाषण नंतर करा. आधी वर जाऊन बघा."

मी दोन मुलांना घेऊन वर गेलो. सकाळचे साडेअकरा वाजले होते, मुले कॉलेजात होती. आम्ही खोली-खोलीसमोर थांबून मोजले. चौतीसपैकी एकोणीस खोल्यांना बाहेरून कुलूप आणि आत पंखा फुल स्पीडवर. व्हरांड्यात भर उन्हात बारा ट्यूबलाइट चालू. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि खाली मोटार चालूच होती. उतरताना सोबतचा मुलगा हळूच म्हणाला, "दादा, हे मोर्च्यात नका सांगू."

मी सांगितले नाही. मोर्चा झाला, घोषणा झाल्या, आश्वासन मिळाले, आणि आठ दिवसांत लाइट पुन्हा अकराला कापला जाऊ लागला. तेव्हा मी गप्प बसलो, ती माझी चूक होती. तो मुलगा वाईट नव्हता. "आपली चूक बाहेर सांगितली की प्रस्थापित तिचाच वापर आपल्याविरुद्ध करतील," ही भीती आपल्या सगळ्यांच्या मनात असते आणि ती खोटी नाही. पण लपवलेली चूक शेवटी त्यांच्याच हातातले हत्यार बनते. म्हणून आज सगळा हिशेब मांडतो. आपला आणि त्यांचाही.

आधी साधा हिशेब

आपल्यातल्या पदवीधर पोरांनाही विचारा, एक युनिट म्हणजे काय? दहापैकी सात जण हसतात. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. बस एवढेच. छताचा जुना पंखा साधारण 75 वॉटचा. एलईडी ट्यूब 20 वॉटची. एलईडी बल्ब 9 वॉटचा. पाणी तापवायचा रॉड हजार ते दीड हजार वॉटचा. जुनी चोकवाली ट्यूब, चोक धरून, पन्नासच्या आसपास.

आता त्या वसतिगृहाचे गणित करू. एकोणीस पंखे, प्रत्येकी 75 वॉट, मुले कॉलेजात असतानाचे सहा तास. साडेआठ युनिट. व्हरांड्यातल्या बारा जुन्या ट्यूब दिवसाचे बारा तास. सात युनिटांच्या वर. म्हणजे माणूस नसलेल्या खोल्यांवर आणि ऊन पडलेल्या व्हरांड्यावर रोज पावणेसोळा युनिट. टाकीतून वाहून जाणाऱ्या पाण्याची मोटार यात धरलेलीच नाही.

आणि रात्री अकराला लाइट कापून किती वाचत होते? चौतीस खोल्यांत प्रत्येकी एक 20 वॉटची ट्यूब, मुले दोन वाजेपर्यंत वाचतात असे धरले तर तीन तास. दोन युनिट. अभ्यासिकेतल्या वीस ट्यूब रात्री अकरा ते पहाटे पाच. दोन पूर्णांक चार युनिट. सगळे मिळून साडेचार युनिटही नाही.

म्हणजे शंभर मुलांचा अख्ख्या रात्रीचा अभ्यास साडेचार युनिटांत होतो, आणि कार्यालयातला एक एसी दिवसभरात त्याहून जास्त वीज खातो. तरी कात्री कशावर चालली? अभ्यासावर. एसीवर नाही, व्हरांड्यावर नाही, फुटक्या टाकीवर नाही. वीज वाचवायची असती तर मोठ्या गळतीपासून सुरुवात झाली असती. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोलाचा वापर बंद होतो, तेव्हा कारण वीज नसते. "ही पोरं रात्री जागतात म्हणजे टवाळक्याच करत असणार," हा त्यामागचा विचार असतो. एमपीएससीची तयारी करणारा मुलगा रात्री दोनला जागा असू शकतो, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नाही.

हे सगळे खरे आहे. पण मित्रांनो, हे बोलण्याचा नैतिक अधिकार आपण त्या एकोणीस पंख्यांखाली गमावला होता.

"जनजागृती" नावाचे सोंग

दरवर्षी 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो. चित्रकला स्पर्धा होते, शपथ होते, बल्बला हात-पाय काढलेले पोस्टर भिंतीवर चिकटते. कुठल्या तरी कॉलेजची टीम प्रश्नावली घेऊन येते. तुम्ही खोलीबाहेर जाताना पंखा बंद करता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मुले "नेहमी"वर खूण करतात आणि अहवाल लिहिला जातो की विद्यार्थ्यांमध्ये जाणीव आहे, पण आचरण नाही. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे, अशा प्रश्नावल्या मीही भरून घेतल्या आहेत. त्यांत एक प्रश्न कधीच नसतो: तुमच्या खोलीचे बिल तुम्ही शेवटचे कधी पाहिले?

वसतिगृहातल्या मुलाने ते कधीच पाहिलेले नसते. मीटर तळमजल्यावर कुलपात, बिल कार्यालयात, पैसे थेट विभागाकडून. बऱ्याच खोल्यांत पंख्याचा रेग्युलेटर जळालेला असतो, पंखा एक तर फुल नाही तर बंद. व्हरांड्याच्या सगळ्या दिव्यांना मिळून एकच बटण आणि ते चौकीदाराच्या खोलीत. अशा ठिकाणी सवय कशी लागणार? जो खर्च डोळ्यांना दिसत नाही आणि जे बटण हाताला लागत नाही, त्याची जबाबदारी मनात तयार होत नाही. यात जात नाही, संस्कार नाहीत. रचना आहे. सरकारी कार्यालयांत रिकाम्या खुर्च्यांवर फिरणारे पंखे बघा. तिथे तर पगार घेणारी, स्वतःला सुसंस्कृत म्हणवणारी माणसे बसतात.

माझ्या म्हणण्याचा पुरावा आपल्याच पोरांत आहे. वसतिगृहात नंबर न लागलेली मुले स्वाधार योजनेवर खोली करून राहतात. तोच समाज, तेच गाव, कधी तर सख्खे भाऊ. एक वसतिगृहात, दुसरा भाड्याच्या खोलीत. खोलीतला भाऊ चार्जरचे बटणसुद्धा बंद करतो. का? कारण महिन्याच्या शेवटी घरमालक सबमीटरचा आकडा वाचून पैसे मागतो. तेव्हा "या मुलांना जाणीवच नाही" म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे की एकाच आईच्या दोन लेकरांत जाणिवेचा एवढा फरक कुठून आला?

स्वाधारच्या खोलीतली लूट

विषय निघालाच आहे तर इथे थोडे थांबू. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये, त्यांतले निवासासाठी 20,000. शहरात जेमतेम खोलीचे भाडे निघेल अशी ही रक्कम, आणि तीही वेळेवर येत नाही. त्यात घरमालकाचा विजेचा दर वेगळा. माझ्याकडे येणारी मुले युनिटला दहा-बारा रुपये देतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "आम्हालाच तेवढ्यानं पडते."

हे कसे घडते ते समजून घ्या. महावितरणच्या घरगुती बिलाला टप्पे आहेत. 0 ते 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. वरच्या टप्प्यात दर चढत जातो. एकटा मुलगा महिन्याला तीस-चाळीस युनिट जाळतो, म्हणजे त्याचा वापर सगळ्यात खालच्या टप्प्यातला. पण घरमालक सहा खोल्या आणि स्वतःचे घर एकाच मीटरवर टाकतो. बेरीज वरच्या टप्प्यात जाते आणि सगळ्यात कमी वीज वापरणारा पोरगा सगळ्यात चढा दर भरतो. काही ठिकाणी त्यावर मालकाचा नफाही असतो. म्हणून खोली घेतानाच मूळ बिल दाखवायला सांगा. एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागा. आलेल्या दराहून जास्त मागत असेल तर तिथेच बोला, सबमीटरच्या आकड्याचा दर महिन्याला फोटो काढून ठेवा.

अर्थात, आडनाव कळल्यावर खोली मिळते का, हा त्याआधीचा प्रश्न आहे. आणि मिळालेली खोली काढून घ्यायची असेल तेव्हा जातीचे नाव कोणी घेत नाही. "तुमच्याकडे पोरं फार येतात, लाइट जास्त लागते," असे म्हणतात. विजेचे बिल हे जात लपवायचे सोयीचे पांघरूण आहे. त्यामुळे आपल्या वापराचा आकडा आपल्या वहीत असणे ही काटकसर तर आहेच, शिवाय तो आपल्या बचावाचा कागद आहे.

बाबासाहेब आणि वीज

काही मित्र म्हणतात, "वीज वाचवा, झाडे लावा, हे सवर्णांचे चोचले आहेत. आपले प्रश्न वेगळे." त्यांनी बाबासाहेबांच्या कामाचा एक भाग पुन्हा पाहावा. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या खात्याकडे कामगारांसोबत वीज, पाटबंधारे आणि खाणीही होत्या. 25 ऑक्टोबर 1943 रोजी नवी दिल्लीत युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीसमोर त्यांनी केलेले भाषण महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. वीज खाजगी मालकीची असावी की राज्याच्या, ती स्वस्त आणि पुरेशी कशी मिळेल, हे प्रश्न त्यांनी तिथे उभे केले. औद्योगिकीकरणाशिवाय या देशातले दारिद्र्य हटणार नाही आणि विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही, असा त्यांचा रोख होता. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कार्यकाळात. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे घटनेतच लिहायची मागणी केली.

म्हणजे वीज हा आपला विषय आहे आणि तो आपल्याला कोणी दान दिलेला नाही. बाबासाहेबांना वीज हवी होती ती माणसाला दारिद्र्यातून आणि जातीच्या धंद्यातून बाहेर काढण्यासाठी. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा यातले काय करतो?

मी 2006 साली बारावीला होतो. भारनियमनाचे दिवस होते. गावात बारा-बारा तास वीज नसायची आणि आमची वस्ती गावाबाहेर, नाल्यापलीकडे. गावातला डीपी जळाला की दोन दिवसांत बदलायचा. आमच्याकडचा जळाला की पंधरा दिवस. आई कंदिलाची काच राखेने पुसून ठेवायची, कारण काळी काच म्हणजे अर्धा उजेड. रॉकेल रेशनवर मोजून मिळायचे, त्यामुळे पुस्तक मिटले की वात खाली, हा घरातला नियम होता. तो नियम आम्हाला कुठल्या शपथेने शिकवला नव्हता. उजेड किती महाग आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते. आज वसतिगृहात पंखा चालू ठेवून जाणाऱ्या पोरांच्या आयाही अशाच कंदील पुसणाऱ्या होत्या. एका पिढीत आपण हे विसरलो, याचे मला वाईट वाटते.

राख कोणाच्या अंगणात पडते?

महाराष्ट्रातली वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशावर चालते. एक युनिट वीज तयार करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो आणि आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के असते. त्या वसतिगृहातले वाया जाणारे पावणेसोळा युनिट म्हणजे रोज सुमारे दहा किलो कोळसा. मागे उरलेली तीन-चार किलो राख कुठे तरी जाऊन पडणारच.

ती मलबार हिलवर पडत नाही. ती कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे पडते. कोराडीत 660 मेगावॉटचे तीन संच आहेत, चंद्रपूरचे केंद्र 2,920 मेगावॉटचे. जुलै 2022 च्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यांत घुसले. तिथे राहणारी, ठेक्यावर राख उपसणारी, ट्रक भरणारी माणसे कोण आहेत ते जाऊन बघा. त्यांत तुमचे-माझे नातेवाईक सापडतील. डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब धनबाद परिसरातल्या कोळसा खाणी पाहायला गेले, खाणीत उतरले, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. 1944 साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. कोळशाच्या मागे माणूस असतो हे त्यांना दिसले होते. पर्यावरण हे सवर्णांचे चोचले म्हणणाऱ्याला ती राख श्वासात घेणारा आपलाच भाऊ दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"पण मॉलमधले एसी? बंगल्यांतले गिझर? तिथे किती जाते ते बोला ना!" बोलू, जरूर बोलू. एका वातानुकूलित मॉलच्या एका दिवसाच्या विजेत आपली वसतिगृहे कितीतरी दिवस चालतील. तो अन्याय आहे आणि त्यावर लढायचेच आहे. पण दुसऱ्याच्या उधळपट्टीने आपली उधळपट्टी क्रांतिकारी होत नाही.

हक्क म्हणजे फुकट नव्हे

सगळ्यात त्रासदायक वाक्य मी मोर्चानंतर ऐकले. एक मुलगा म्हणाला, "दादा, सरकारची वीज आहे, आपल्या बापाचं काय जाते?"

अरे, बापाचेच जाते. वसतिगृहाचा पैसा सामाजिक न्याय विभागाचा आहे. तो तुझ्या-माझ्या नावाने मांडलेला पैसा आहे. बिलात तो जास्त गेला की पुस्तकांना, गाद्यांना, नळ दुरुस्तीला "निधी नाही" हे उत्तर तयार असते. आणि "फुकट" हा शब्द आपण स्वतः वापरायचा? तो तर त्यांचा शब्द आहे. शिष्यवृत्तीला, राखीव जागांना, वसतिगृहाला "फुकट" म्हणणारी तोंडे आपण आयुष्यभर ऐकली. बाबासाहेबांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. वर्गणी मागून चालवलेली ती वसतिगृहे होती. वसतिगृह ही आपल्या चळवळीने मिळवलेली जागा आहे. सरकारची वस्तू म्हणून तिची नासाडी करणारा स्वतःच्याच मिळकतीची नासाडी करतो.

आपण बौद्ध आहोत, तर विनयपिटकातली एक गोष्ट सांगतो. चुल्लवग्गात ती आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, दुकान मांडणार की काय? त्याने आनंदाला विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे? पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या गोष्टीत दोन गोष्टी आहेत. एक, संघाला मिळालेली वस्तू कोणा एकाची नसते, म्हणून तिचा शेवटचा धागाही हिशेबात असतो. दुसरी, आनंदाकडे राजाच्या प्रश्नाचे उत्तर तयार होते. त्यांना कोणाला लपवून सांगावे लागले नाही की "हे राजाला नका सांगू." आपल्या दारावर "अत्त दीप भव" लिहिलेले असते. दाराला कुलूप आणि आत दिवा चालू, असा त्याचा अर्थ नाही.

मुलींच्या वसतिगृहाचे वेगळे बोलू

"विद्यार्थी" म्हटले की आपण मुलेच डोळ्यांसमोर आणतो. मुलींच्या वसतिगृहात रात्री लाइट गेला तर मुलगा जातो तसे बाहेरच्या अभ्यासिकेत जाता येत नाही, गेट आठलाच बंद असते. अंधाऱ्या व्हरांड्यातून संडासापर्यंत जाणे ही तिथे भीतीची गोष्ट आहे. तिथे "व्हरांड्याचे दिवे बंद करा" हा सल्ला देणाऱ्याने आधी एक रात्र तिथे राहून दाखवावे. थंडीत रॉड जप्त करतात आणि गच्चीवरचे सोलर हीटर वर्षानुवर्षे बंद. एक बादली पाणी तापवायला साधारण अर्धे युनिट लागते. नऊ वॉटच्या बल्बवर तेवढ्यात पन्नास तासांच्या वर वाचता येते. मग वाया कोण घालवते, रॉड लावणारी मुलगी की दुरुस्तीची फाइल दाबून ठेवणारा अधिकारी? बचत म्हणजे गरज मारणे नाही. बाळंतपणात, आजारात, परीक्षेत, भीतीत वापरलेली वीज ही उधळपट्टी नसते.

मग करायचे काय?

आम्ही त्या वसतिगृहात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा घोषणा नव्हत्या, एक वही होती. मुलांनी पंधरा दिवस रोज साडेअकराला फेरी मारून चालू पंखे मोजले होते. ज्याच्या खोलीत पंखा सापडेल त्याचे नाव लिहायचे नाही, फक्त खोलीचा नंबर जेवणाच्या हॉलमध्ये खडूने लिहायचा, एवढाच नियम मुलांनी स्वतः ठरवला. पहिल्या दिवशी एकोणीस. पंधराव्या दिवशी चार. दंड नाही, शपथ नाही, पोस्टर नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच प्रकारच्या अभ्यासासाठी. सामायिक गोष्ट वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि वापरणाऱ्यांनीच लक्ष ठेवले तर ती टिकते, वरून हुकूम करावा लागत नाही. संघाला हे अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते.

ती वही टेबलावर ठेवून आम्ही पुढच्या मागण्या मांडल्या. त्या तुम्हीही मांडा.

1. अभ्यासिकेचा दिवा रात्रभर चालू राहील. यावर तडजोड नाही.

2. दर महिन्याचे बिल सूचना फलकावर लागेल, आणि प्रत्येक मजल्याला व कार्यालयाला वेगळा सबमीटर बसेल. मुलांचा वापर दिसेल तसा एसीचाही दिसू द्या.

3. जुने पंखे टप्प्याटप्प्याने बदलून बीएलडीसी पंखे बसवा. ते तीस-पस्तीस वॉटवर चालतात. चौतीस खोल्यांत एकेक पंखा बारा तास धरला तर रोज सोळा युनिट वाचतात. लाइट कापून वाचत होते त्याच्या साडेतीन पटींहून जास्त, आणि तेही कोणाचा अभ्यास न मोडता.

4. टाकीला फ्लोट स्विच, व्हरांड्याच्या दिव्यांना मजल्यावर बटण, जळालेले रेग्युलेटर आणि बंद सोलर हीटर यांची दुरुस्ती तारीख लावून.

5. विद्यार्थ्यांची वीज समिती, मुलींच्या वसतिगृहात मुलींची, आणि वाचलेल्या पैशातून पुस्तकांची मागणी.

सगळे मिळाले का? नाही. अभ्यासिकेचा दिवा त्याच दिवशी सुरू झाला. खोल्यांचा लाइट आता साडेबारापर्यंत असतो. फ्लोट स्विच मुलांनी मागे लागून बसवून घेतला. सबमीटर आणि पंख्यांचा प्रस्ताव "वर पाठवला" आहे, म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पण एक फरक पडला. पहिल्या वेळी गृहपाल आम्हाला म्हणाले होते, "वर जाऊन बघा." दुसऱ्या वेळी तोच मुलगा, "मोर्च्यात नका सांगू" म्हणणारा, त्यांना म्हणाला, "सर, चला, आता तुम्ही वर येऊन बघा."

तेव्हा मित्रांनो, उद्या सकाळी आपापल्या वसतिगृहात, आपापल्या खोलीत हा हिशेब सुरू करा. बिल मागा, युनिट मोजा, बाहेर पडताना बटणावर हात जाऊ द्या. एप्रिलमध्ये जयंतीची रोषणाई करताना तारेवर आकडा टाकू नका, रीतसर तात्पुरती जोडणी घ्या, कारण बाबासाहेबांच्या फोटोवरचा उजेड चोरीचा असू नये. आणि ज्या दिवशी कोणी वीज बचतीच्या नावाखाली तुमच्या पुस्तकावरचा दिवा विझवायला येईल, त्या दिवशी वही उघडून त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा: आमचा हिशेब हा आहे, तुमचा दाखवा.

जय भीम, नमो बुद्धाय.